नदी सर्वांची, काठ कुणाचा?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी विद्येचे महत्त्व सांगितले जाते, हुंड्याचा निषेध केला जातो, आणि ते योग्यच आहे. यंदा मात्र कार्यकारी मंडळाच्या संमतीने आम्ही एक निराळा विषय आपणांपुढे मांडणार आहोत. प्रथमदर्शनी तो क्षुल्लक वाटेल. हातात गळाची काठी घेतलेल्या मनुष्यास दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवरून नदीपर्यंत जाता येते काय, आणि गेल्यावर काठावर बसता येते काय, एवढाच तो प्रश्न आहे. परंतु ज्या समाजाचे निम्मे आयुष्य पाण्यात गेले त्या आपल्या भोई समाजात या प्रश्नाचे उत्तर कोणासही नीट देता येऊ नये, ही गोष्ट आम्हांस बरी वाटत नाही.

पालखी आणि मेणा वाहण्याचे काम मोटारी आल्या तेव्हाच संपले. उतारावर नाव चालविण्याचे काम पूल होत गेले तसतसे गेले. मोठी धरणे झाली आणि जलाशयांतील मासेमारी सहकारी संस्थांना ठेक्याने मिळू लागली. तीत काही घरांचे बरे झाले, काहींचे झाले नाही, पण तो विषय आजचा नव्हे. या सर्व उलथापालथीत एक वस्तू घराघरांत टिकून राहिली, ती म्हणजे गळ. जाळ्याला पैसा लागतो, नावेला त्याहून अधिक लागतो. गळाला बांबूची काठी, दोरा, आकडा आणि गांडूळ एवढे पुरते. म्हणून ज्याच्या अंगात जाळे ओढण्याची ताकद उरली नाही असा म्हातारा, शाळा सुटल्यावर मोकळा झालेला मुलगा, आणि ज्या घरी त्या दिवशी कालवणाची सोय नाही त्या घरची बाई, हे आपल्यातले गळ टाकणारे लोक. एखादी मरळ किंवा वाम लागली तर दोन वेळचे भागते. चार चिलापी मिळाल्या तरी संध्याकाळ निभावते. हल्ली शहरांतून फिरकी लावलेल्या विलायती काठ्या घेऊन हौशी मंडळीही काठावर येऊ लागली आहेत. त्यांचा तो छंद आणि आपली ती गरज, हे खरे. पण वाट दोघांची एकच आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

नदीकाठच्या जमिनीला पूर्वी कोणी फारसे विचारीत नसे. पुराने दरड ढासळावी, पिकाची खात्री नसावी, म्हणून काठाचा तुकडा शेतकरी बाभळी वाढवून सोडून देई. आता त्याच तुकड्याला सर्वांत अधिक भाव आला आहे. पाणी दिसेल असे घर बांधण्याची हौस शहरातील श्रीमंतांस लागली, आणि काठावर तारेची कुंपणे, लोखंडी फाटके व राखणदार उभे राहिले. आमच्या माहितीच्या एका गावी उसाच्या दोन फडांमधून डोहाकडे उतरणारी पाऊलवाट होती. जमीन विकली गेली, नव्या मालकाने वाटेच्या तोंडाशी फाटक बसविले. आपल्या वस्तीतील चारदोन माणसे विचारावयास गेली, तेव्हा राखणदार म्हणाला, मालक मुंबईस असतात, आले म्हणजे बोला. मालक काही आले नाहीत. वस्तीने वाट पाहिली, एक पावसाळा गेला, दुसरा गेला, आणि आता तलाठ्याकडे गेले असता "अशी वाट येथे होती याला पुरावा काय?" असा उलट प्रश्न विचारला जातो. दोन वर्षे गप्प बसण्याने काय गेले ते आम्ही पुढे सांगू.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. "नदी सर्वांची आहे" असे आपण सहज म्हणतो. त्या म्हणण्यात वस्तुतः तीन गोष्टी एकत्र गुंडाळलेल्या असतात. वाहते पाणी व त्यातील मासे ही एक; ज्यावरून पाणी वाहते ते पात्र ही दुसरी; आणि काठ व काठाकडे नेणारी वाट ही तिसरी. या तिन्हींचे धनी वेगवेगळे असू शकतात. जगात जेथे जेथे गळ टाकणाऱ्यांचे जमीनमालकांशी भांडण झाले, तेथे तेथे ते या तीन गोष्टींच्या सरमिसळीतूनच झालेले आहे.

फार प्राचीन उदाहरण रोमन लोकांचे. जस्टिनियन बादशहाने इसवी सन ५३३ मध्ये कायद्याचे जे पाठ्यपुस्तक तयार करविले, त्यात असे सांगितले आहे की नद्या सार्वजनिक असून त्यांत मासे धरण्याचा हक्क सर्वांस आहे. आणि काठाची जमीन लगतच्या मालकाची असली तरी काठाचा वापरही सार्वजनिक आहे, म्हणून नावाड्याने तेथे नाव लावावी, काठावरच्या झाडास दोर बांधावा, ओझे उतरवावे. मालकी एकाची आणि वापर सर्वांचा, ही तोड दीड हजार वर्षांपूर्वी त्यांस सुचली होती.

ज्या इंग्रजांचा कायदा आपल्याकडे आला त्यांनी मात्र ही तोड स्वीकारली नाही. इंग्लंडात भरतीचे पाणी जेथवर चढते तेथवरच सर्वसामान्य माणसास मासे धरण्याचा हक्क आहे. त्याच्या वर, गोड्या पाण्यात, काठाची जमीन ज्याची त्याचा मासेमारीचा हक्क, आणि तोही प्रवाहाच्या मध्यापर्यंत. पलीकडचा अर्धा भाग पलीकडच्या मालकाचा. हा हक्क जमिनीपासून वेगळा काढून विकता येतो वा भाड्याने देता येतो. नावाड्यांनी काठावरून नाव ओढण्याचा हक्क सांगितला तेव्हा १७८९ साली तेथील न्यायालयाने असा सर्वसाधारण हक्क कोणासही नाही असे ठरविले. आजही तेथे सरकारचा गळपरवाना घ्यावा लागतो. परंतु तो खिशात असला तरी एखाद्या काठावर उभे राहण्याचा अधिकार त्याने मिळत नाही. त्यासाठी मालकाची परवानगी, किंवा ज्या मंडळाने तो काठ भाड्याने घेतला असेल त्याची वर्गणी भरणे, एवढाच मार्ग. आयझॅक वॉल्टन याचे गळाच्या मासेमारीवरील पुस्तक १६५३ साली निघाले व आजतागायत वाचले जाते. ज्या देशाने या छंदाचे एवढे कौतुक केले, त्याच देशात नदीचा काठ असा तुकड्यातुकड्याने विकला जातो, याचे आम्हांस नवल वाटते.

आता अमेरिकेतील मोंटॅना राज्याची हकीकत ऐका. ती आम्ही जरा विस्ताराने सांगणार आहोत, कारण आपल्याला घेण्यासारखे त्यात पुष्कळ आहे. हे राज्य क्षेत्रफळाने महाराष्ट्राहून मोठे, पण लोकसंख्या अवघी सुमारे ११ लाख. गुरांची कुरणे हजारो एकरांची, आणि त्यांतून वाहणाऱ्या थंड पाण्याच्या नद्या ट्राउट माशासाठी प्रसिद्ध. या राज्याने १९७२ साली नवी घटना केली, तीत राज्यातील सर्व पाणी हे लोकांच्या वापरासाठी राज्याच्या मालकीचे आहे असे कलम घातले. कलम कागदावर होते. नदीवर मालकांची कुंपणे होती. डिअरबॉर्न नावाच्या नदीच्या कित्येक मैलांच्या काठावर व तळावर एका मालकाने हक्क सांगितला आणि नावांतून येणाऱ्यांस व गळ टाकणाऱ्यांस अडविण्यास सुरुवात केली. तेव्हा या मंडळींनी एक संघटना स्थापन केली व न्यायालयात दावा लावला. बीव्हरहेड या दुसऱ्या नदीबद्दल दुसरा दावा लागला. १९८४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही दाव्यांत निकाल दिला, की तळ कोणाच्याही मालकीचा असो, ज्या पाण्याचा लोकांस उपयोग करता येण्यासारखा आहे त्याचा उपयोग करण्यास लोक मोकळे आहेत. पुढल्याच वर्षी, १९८५ साली, तेथील विधिमंडळाने त्यावर कायदा केला.

या कायद्याची खुबी एका रेघेत आहे. नदीचे भरलेले पात्र नेहमी जेथवर पोहोचते, जेथे पाण्याच्या सततच्या वावराने गवत उगवत नाही आणि मातीचा पोत बदललेला दिसतो, ती ही रेघ. महापुराचे पाणी जेथवर पसरते तो भाग तीत धरलेला नाही. दोन्ही काठांवरच्या या रेघांच्या दरम्यान, मग तेथे पाणी असो वा उन्हाळ्यात उघडे पडलेले गोटे असोत, कोणीही चालावे, उभे राहावे, गळ टाकावा. मध्ये बांध किंवा तार आडवी आली तर तेवढ्यापुरते काठावर चढून, कमीत कमी नासधूस होईल अशा रीतीने वळसा घालावा. गळ टाकणारा दगडावरून घसरून पडला तर त्याची भरपाई मालकाच्या गळ्यात पडू नये, अशीही व्यवस्था केली. मालकांनी या कायद्यालाही आव्हान दिले. १९८७ साली न्यायालयाने रात्रीचा मुक्काम करण्यासारख्या काही सवलती अवाजवी ठरवून रद्द केल्या, पण मूळ हक्क कायम ठेवला.

आणि आता मुद्दा येतो. या कायद्याने नदीत चालण्याचा हक्क दिला; नदीपर्यंत जाण्याचा दिला नाही. दुसऱ्याच्या शेतातून वाट काढण्याची मुभा त्यात नाही असे स्पष्ट म्हटलेले आहे. मग लोकांनी काय करावे? सरकारी रस्ता जेथे नदीला ओलांडतो तेथे पूल असतो, आणि पुलाच्या बाजूने पाण्यात उतरता येते. लोक पुलावरून उतरू लागले. मालकांनी आपली कुंपणे थेट पुलाच्या कठड्यास आणून बांधली. पुलापाशी उतरण्याच्या हक्काचा कायदा होण्यास २००९ साल उजाडले, आणि रुबी नदीवरील पुलांबद्दलचा झगडा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात २०१४ साली लोकांच्या बाजूने निकालात निघाला. म्हणजे पाणी मिळाल्यावर पाण्यापर्यंतच्या चार पावलांसाठी आणखी ३० वर्षे लागली. कोलोरॅडो राज्यात तर तेवढेही झालेले नाही. तेथे १९७९ च्या निकालाने खाजगी तळास स्पर्श करणेही गुन्हा ठरले, आणि एका वृद्ध गळवाल्याने अर्कान्सॉ नदीच्या तळाबद्दल नेलेला दावा २०२३ साली, हा प्रश्न उपस्थित करण्याचा अधिकारच तुम्हांस नाही, एवढ्यावर बाहेर काढला गेला.

न्यूझीलंडने निराळी वाट धरली. तेथे १९८७ च्या कायद्याप्रमाणे सरकारी जमीन विकावयाची झाली तर नदीच्या कडेची २० मीटरची पट्टी सरकारने लोकांसाठी आपल्याकडे ठेवावयाची असते. सर्व नद्यांस अशी पट्टी लाभलेली नाही, हे सांगितले पाहिजे. परंतु त्याच कायद्यात एक कलम असे आहे, की गोड्या पाण्यात मासे धरण्याचा हक्क कोणासही विकता वा भाड्याने देता येणार नाही. इंग्लंडहून गेलेल्या लोकांनी इंग्लंडातील रीत तेवढी बरोबर नेली नाही.

हे सर्व परदेशातले झाले. आमच्यासारख्या मॅट्रिक झालेल्या मास्तराने ते सांगावे आणि आपण ऐकून घरी जावे, यासाठी आम्ही उभे राहिलो नाही. आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडे निम्मी लढाई न लढताच जिंकलेली आहे, हे पुष्कळांस ठाऊक नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याचे २० वे कलम असे सांगते की नद्या, ओढे, नाले, तलाव यांचे तळ आणि वाहते व साठलेले पाणी, जे कोणा व्यक्तीच्या मालकीचे नाही ते सर्व, राज्य शासनाचे आहे. कोलोरॅडोच्या माणसास ज्या तळाला पाय लावण्याची चोरी आहे, तो तळ आपल्याकडे सामान्यतः सरकारी आहे. सातबारा नदीच्या काठाशी संपतो. सार्वजनिक घाटावरून, पाणवठ्यावरून किंवा पुलाखालून पात्रात उतरलेला आणि पात्रातूनच चालत गेलेला मनुष्य शेजारच्या शेतमालकाचे काहीच तुडवीत नाही, आणि त्याने हटकले तर तसे त्यास नम्रपणे सांगता येते. ज्या पाण्याचा ठेका रीतसर कोणा संस्थेस दिला आहे तेथे अर्थातच ठेकेदाराचा हक्क मानला पाहिजे. ती संस्था बहुधा आपल्याच भावांची असते.

शासनाचा मालकी हक्क म्हणजे तरी काय, यावर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डिसेंबरात एक महत्त्वाचा निकाल दिला. हिमाचल प्रदेशात मनालीच्या बाजूस बियास नदीच्या काठची सरकारी वनजमीन एका हॉटेल कंपनीस दिली गेली होती आणि नदीचा प्रवाहच वळविण्याचा उद्योग झाला होता. न्यायालयाने तो पट्टा रद्द केला व सांगितले की नद्या, वने, किनारे यांचे शासन हे विश्वस्त आहे. लोकांच्या वापराची वस्तू खाजगी मालकीत लोटून देण्याचा त्यास अधिकार नाही. देवस्थानच्या पंचाने देवाची जमीन विकू नये, तसे हे आहे. पण या निकालाने खाजगी शेतातून वाट मिळत नाही, हेही समजून असावे.

पाण्यावरची जमीनदारी हा प्रकार आपल्याकडे रूढ नव्हता म्हणून त्याची झळ आपणांस समजत नाही. बिहारात भागलपूर जिल्ह्यात सुलतानगंज ते पीरपैंती असा सुमारे ८० किलोमीटरचा गंगेचा प्रवाह देश स्वतंत्र झाल्यावरही दोन घराण्यांच्या ताब्यात होता. त्यांस पानीदार म्हणत, आणि मल्लाह-निषाद बांधव मासे धरण्यासाठी त्यांस कर भरीत. जमिनीवरची जमीनदारी गेली, पाण्यावरची राहिली. १९८२ साली कहलगाव येथून गंगामुक्ती आंदोलन सुरू झाले, आणि सुमारे दहा वर्षांच्या शांततामय लढ्यानंतर ती पानीदारी नष्ट झाली. ते आपलेच धंदेबंधू होत.

ओरिसातील चिल्का सरोवराचा दाखला याहून बोधप्रद आहे. परीकूडच्या राजाच्या जमीनदारीतील पाण्यात मासे धरण्याचा हक्क काही मच्छीमारांनी पैसे मोजून घेतला होता, पण सौदा तोंडी होता. जमीनदारी सरकारजमा झाल्यावर सरकारने तो मानला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५५ साली न्यायालयाने ठरविले की मासे धरून नेण्याचा हक्क हा स्थावर मालमत्तेसारखा आहे. शंभर रुपयांवरील अशा हक्काची विक्री नोंदणी केलेल्या दस्तावाचून होत नाही. सबब यांच्यापाशी हक्कच नाही. पैसे दिलेले होते, राजाने नाकारलेही नव्हते, फक्त कागद नव्हता. आपल्या समाजात तोंडी शब्दाला अजून मान आहे, आणि असावा. परंतु शब्द देणारा जातो आणि जमीन विकली जाते.

आता वाटेकडे वळू. वाटेचा पुरावा कोठे शोधावा? पहिला पुरावा गावनकाशा. त्यावर पायवाट तुटक रेषेने दाखविलेली असते, आणि अशा पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरलेली आहे. हा विचित्र आकडा कोठून आला असे मुले आम्हांस विचारीत. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. सव्वाआठ फूट म्हणजे बरोबर चार आणे. दुसरा पुरावा सातबारावर. तेथे पोटखराबा असा रकाना आपण पाहतो व पुढे जातो. पोटखराब्याचे अ आणि ब असे दोन वर्ग आहेत. अ म्हणजे लागवडीस अयोग्य जमीन. ब म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेली, किंवा रस्ता अथवा मान्य पायवाट ज्यावर आहे अशी, किंवा इतरांच्या पाण्याचा ओढा वा तलाव असलेली, स्मशानाची वगैरे जमीन, जिच्यावर म्हणून सारा बसविलेला नाही. ज्या गटाच्या सातबारावर ब वर्गाचा पोटखराबा दिसतो, त्याच्या मूळ मोजणीच्या कागदांत तेथे वाट होती की काय, हे अर्ज करून पाहिले पाहिजे. जमीन कितीदा विकली तरी ती नोंद विकली जात नाही.

कागदावर वाट नसली तर वहिवाट दाखवावी लागते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे २० वर्षे उघडपणे, शांतपणे, हक्काने व खंड न पडता वापरलेली वाट ही हक्काची होते. यात "हक्काने" हा शब्द फार महत्त्वाचा आहे. मालकाची दरवेळी परवानगी मागून जो गेला, त्याने २० काय ४० वर्षे वापर केला तरी तो मेहेरबानीचा वापर ठरतो. बांधावर मालक भेटला तर त्यास रामराम घालणे हा शिष्टाचार झाला, "जाऊ का?" असे विचारणे हा कायद्याच्या दृष्टीने निराळा व्यवहार झाला. आपल्या लोकांच्या जिभेवर दुसरेच वाक्य आधी येते. आणखी एक अडचण आहे. हा हक्क मूलतः एका जमिनीचा वा घराचा दुसऱ्या जमिनीवरचा हक्क असतो. ज्याच्या नावावर वीतभरही जागा नाही त्याला तो स्वतःच्या नावे सांगता येत नाही. परंतु रूढीने चालत आलेल्या हक्कांस त्याच कायद्याने जागा ठेवली आहे. म्हणून तेथे एकट्या माणसाने न भांडता साऱ्या वस्तीने, गावाच्या रूढीचा आधार घेऊन, एकत्र पुढे यावे.

महसूल अधिनियमाच्या १४३ व्या कलमाने बांधावरून वाट मागता येते असे पुष्कळजण सांगतात. ते कलम जमीनधारकासाठी आहे, आपल्या शेतात जाणाऱ्या शेतकऱ्यासाठी. भूमिहीन मच्छीमाराने त्यावर विसंबून तहसीलदाराकडे खेटे घालू नयेत.

त्याच्या कामाचा कायदा दुसराच आहे, आणि तो १९०६ सालापासून आहे: मामलेदार न्यायालय अधिनियम. त्याच्या पाचव्या कलमात शेतजमीन, कुरण, झाडे आणि पिके यांच्या जोडीला मासेमारीच्या जागा हा शब्द स्पष्ट घातलेला आहे, आणि त्यांकडे जाणारे रस्ते व रूढीच्या वाटा यांचाही उल्लेख आहे. बेकायदा अडथळा झाला तर तहसीलदारापुढे साधा दावा लावावा. दिवाणी न्यायालयासारखी वर्षे त्यात जात नाहीत. शंभराहून अधिक वर्षे हा शब्द कायद्यात बसून आहे, आणि आम्ही ज्या ज्या वस्तीत विचारले तेथे एकासही तो ठाऊक नव्हता. त्याची अट एकच, परंतु कडक: अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लागला पाहिजे. मघाशी सांगितलेल्या गावी वस्तीने दोन पावसाळे मालकाची वाट पाहिली, त्यात हे सहा महिने कधीच निघून गेले. आता त्यांस दिवाणी न्यायालयाची लांबची वाट उरली आहे.

जमीनमालकांची बाजू आम्हांस दिसत नाही असे कोणी समजू नये. उभ्या पिकातून आडवे चालणारे, फाटक उघडे टाकून गुरे उसात घालणारे, काठावर बाटल्या फोडणारे लोक आपण सर्वांनी पाहिले आहेत. सुरुंगाची दारू उडवून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणे हा तर १८९७ सालच्या कायद्यापासून गुन्हा आहे. ज्या डोहात एकदा सुरुंग उडाला तेथे पिल्लेसुद्धा उरत नाहीत, आणि पुढे साध्या गळवाल्याकडेही मालक संशयाने पाहतो. आपल्या वस्तीतील कोणी असे करीत असेल तर त्यास वस्तीनेच रोखले पाहिजे.

आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे. ती काहींस आवडणार नाही. गेल्या काही वर्षांत आपल्यापैकीही चार घरे वर आली. नोकरीत, ठेकेदारीत पैसा झाला, नदीकाठी जमिनी घेतल्या, आणि त्यांच्याही बांधावर तारा आल्या आहेत. ज्यांचे आजे त्याच काठावर गळ टाकून बसत, त्यांच्या फाटकावर "आत येण्यास सक्त मनाई" ही पाटी आम्ही वाचली आहे. नाव घेत नाही. ते सभागृहात असतील तर त्यांस ठाऊक आहे. त्यांच्यापाशी आमचे मागणे सव्वाआठ फुटांचे आहे. कुंपण ठेवावे, पिकाचे रक्षण करावे, पण एका कडेने वाट सोडावी आणि ती सोडल्याची नोंद तलाठी दफ्तरी करून घ्यावी, म्हणजे उद्या जमीन मुलांनी विकली तरी वाट राहील. दुसऱ्या समाजाच्या मालकापुढे जाऊन आपण ज्या गोष्टीची मागणी करणार, ती आपल्या घरच्यांनी आधी केलेली असली तर तोंड वर करून बोलता येते.

शहरातील हौशी गळवाल्यांचा उल्लेख आम्ही आरंभी केला तो यासाठी. मोंटॅनात ज्यांनी न्यायालयात जाऊन नदी सोडविली ते हौसेने गळ टाकणारे लोक होते. त्यांच्यापाशी वेळ होता, वकील होते. आपल्याकडे असे लोक पुणे-मुंबईहून येतात, त्यांच्यात निवृत्त अधिकारी आहेत, वकील आहेत. आपण त्यांस डोह दाखवितो, आमिष कोणते लावावे ते सांगतो, आणि ते चहाचे पैसे देऊन जातात. त्यांनाही वाट हवीच आहे. पुढच्या खेपेस त्यांच्याशी वाटेबद्दल बोलावे, आणि त्यांची साक्ष व सही मागावी.

कार्यकारी मंडळाने आमची सूचना मान्य करून प्रत्येक नदीकाठच्या वस्तीसाठी एक वही देण्याचे ठरविले आहे. तीत वाटेचे ठिकाण, ज्यातून ती जाते त्या गटांचे क्रमांक, सातबारा व गावनकाशाच्या नकला, आणि वस्तीतील साठीच्या पुढच्या स्त्री-पुरुषांचे सह्या-अंगठ्यांसह जबाब, इतके नोंदवावयाचे आहे. म्हाताऱ्यांचे जबाब आधी घ्यावेत. कागद पुढच्या वर्षीही मिळतील. ज्या वाटेवर नवे कुंपण पडले असेल तेथे ते कोणत्या तारखेस पडले हे पहिल्या पानावर लिहावे, म्हणजे सहा महिने कधी भरतात ते मोजता येईल, आणि त्या वस्तीने भोजनापूर्वीच चिटणीसांस भेटावे. तहसीलदाराकडे करावयाच्या दाव्याचा नमुना आम्ही एका वकील मित्राकडून तपासून घेतला आहे. त्याच्या प्रती व वह्या दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत.